येसाईच्या खाणावळीतली शेंगोळी

खूप जुन्या काळी, जेव्हा खाणावळीवर पाटी लावायची पद्धतच नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दुरून धूर दिसला आणि जवळ गेल्यावर फोडणीचा ठसका लागला, की वाटसरू समजायचे, इथं जेवायला मिळतं.

अशी एक खाणावळ एका घाटाच्या पायथ्याशी होती. चार लाकडी मेढी, वर पाल्याचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन. चालवणारी होती येसाई नावाची म्हातारी. तिच्याकडे एकच जेवण मिळायचं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, म्हणजे पिठाच्या करंगळीएवढ्या वळ्या, लसणाच्या रश्श्यात रटरटून शिजवलेल्या. बरोबर ज्वारीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

येसाईच्या हाताखाली कोणी नव्हतं. म्हणून तिनं एक रीत घातली होती. आपल्या आधी येऊन गेलेल्यानं वळलेली शेंगोळी खायची, आणि मागून येणाऱ्यासाठी आपण वळून जायची. सरदार आला तरी हीच रीत, भिकारी आला तरी हीच. त्यामुळे ताटात काय येईल याचा नेम नसायचा. कधी सुबक वळ्या, कधी गाडीवानांनी वळलेले सोटे.

"येसाई, ही कुणी वळली गं? माझ्या बैलाला वेसण म्हणून चालेल," एखादा म्हणायचा.

"कालच्या कुंभारानं. तू वळलेली आज कोण खाणार आहे ते बघ आधी," येसाई म्हणायची.

एक दिवस दुपारची तिथं एका कासाराची सून आली. कडेवर तिची लेक, मैनी. चांगली चालती-बोलती पोर, पण अंगानं अशी काटकुळी की कडेवर असून आईला ओझं वाटत नव्हतं. आणि त्याचंच त्या आईला ओझं होतं.

मैनी जेवत नसे. आई ताट घेऊन अंगणभर तिच्यामागं फिरायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा मामाच्या गाईचा. पोर तोंड घट्ट मिटायची. किती घास पोटात गेले ते आई बोटांवर मोजायची, आणि तो आकडा मनात घोळवत रात्रभर कूस बदलत राहायची.

त्यात तिची नणंद आली होती आणि सगळ्यांसमोर बोलून गेली होती. "वहिनी, पौर्णिमेला मी परत येते. तोवर पोरीनं अंग धरलं नाही तर मी तिला माझ्याकडे नेते. माझ्याकडे चार पोरं ताट चाटूनपुसून उठतात." सासूनं मान हलवली. नवरा खाली बघत बांगड्यांचे जोड लावत राहिला.

तेव्हापासून ती बाई मिळेल त्या उपायामागं धावत होती. आज ती लांबच्या वैद्याकडून भूक लागायची पुडी घेऊन परत निघाली होती.

येसाईनं तिला पिठाची परात पुढं सरकवली. "ताट येईपर्यंत वळ बाई."

"पण मला हिला भरवायचंय."

"पिठात हात घातलास की मग भरवणार कशी? बसू दे तिला तिथं."

मैनी गाडीवानांच्या रांगेत बसली. येसाईनं तिच्यापुढं चतकोर भाकरी आणि शेंगोळी ठेवली, रस्सा बेतानंच. आई वळू लागली. पीठ चिकट, त्यात शेजारचा गाडीवान आपल्या बैलाची खोडी सांगत होता. तो बैल म्हणे उतारावर मुद्दाम लंगडायचा आणि गाव दिसलं की धावायचा. आईला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते तिचं तिलाच ठाऊक.

वळून झाल्यावर तिनं मान वर केली. मैनीचं ताट रिकामं होतं.

"कुत्र्यानं खाल्लं का हो?" तिनं घाबरून विचारलं.

"कुत्रं बाहेर आशेनं बसलंय," गाडीवान म्हणाला. "त्याला काही उरलं नाही."

मग आईचं ताट आलं. वाफाळतं. लेक झाल्यापासून ती गरम जेवण जेवली नव्हती. नेहमी मैनीचं उरलेलं, वाळलेलं, थंडगार. त्या दिवशी तिच्या नाकाला, डोळ्याला पाणी आलं, आणि तरी तिनं पुन्हा रस्सा मागून घेतला.

घरी येताना तिच्या मनानं एकच गोष्ट घेतली. जादू शेंगोळीत आहे, पुडीत नाही. ती तशीच मागं फिरली, येसाईकडून पीठ घेतलं, लसूण किती, तिखट किती, सगळं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरी तसंच केलं. मैनीला पाटावर बसवलं, आपण समोर बसली आणि बघू लागली. मैनीनं एक वळी उचलली, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि वळी परत ठेवली.

"खा ना बाळा. काल खाल्लीस ना? हीच ती."

मैनीनं तोंड घट्ट मिटलं.

आईला वाटलं, चव पातेल्यात असणार. येसाईचं पातेलं किती वर्षांचं, आतून रश्श्यानं मुरलेलं. तिनं आपलं माहेरचं कोरं, लखलखीत पातेलं उचललं, घाटाखाली गेली आणि ते देऊन येसाईचं काळंकुट्ट पातेलं मागितलं.

येसाई पोट धरून हसली. "ने बाई. पण परत करायला येशील तेव्हा उपाशी ये."

काळ्या पातेल्यातली शेंगोळीही मैनीनं खाल्ली नाही. सासू म्हणाली, "काजळी खाऊ घालतेस का पोरीला?"

पौर्णिमा उद्यावर आली. बाईनं पातेलं एका हातात घेतलं, लेक दुसऱ्या कडेवर, आणि रडवेली होऊन येसाईपुढं उभी राहिली.

"तुम्ही काहीतरी सांगायचं राखलंत. पीठ तेच, लसूण तोच, पातेलंसुद्धा हेच. उद्या माझी पोर नेतील हो."

येसाई चुलीपासून उठली नाही. "घरी पोर जेवायला बसली तेव्हा तू काय करत होतीस?"

"मी? मी समोर बसले होते. बघत होते."

"तू जेवत होतीस?"

"ती खात नाही तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

तोच गाडीवान कोपऱ्यात जेवत होता. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. माझ्या तोंडाकडं असं टक लावून कुणी बसलं, तर मीसुद्धा ताट सोडून बैलांकडं जाईन."

येसाईनं एकच ताट वाढलं आणि ते आईपुढं ठेवलं. "आज पोरीला वाढणार नाही. तू जेव. चुलीकडं बघून जेव, तिच्याकडं बघायचं नाही."

आईचा पहिला घास तोंडात फिरत राहिला. पोर उपाशी, आणि आपण जेवायचं? पण सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. दुसरा घास खाली गेला. रस्सा गरम होता, लसूण खमंग लागत होता. तिसऱ्या घासाला तिनं कांद्याचा तुकडा मोडून घेतला आणि घटकाभर विसरून गेली की उद्या पौर्णिमा आहे.

तेवढ्यात ताटाच्या कडेनं एक लहानसा हात आला. एक वळी गेली. मग दुसरी.

आईची मान वळायला लागली. येसाईनं चुलीपलीकडून डोळे मोठे केले. आई चुलीकडं बघत राहिली. जाळ तिला धूसर दिसत होता, पण कानाशी मचमच आवाज येत होता.

"आई, तू सगळं संपवू नको," मैनी म्हणाली. "मला पण ठेव."

दुसऱ्या दिवशी नणंद आली, ती थेट स्वयंपाकघराच्या दारात. बघते तर वहिनी स्वतः जेवत बसलेली, पोरीकडे अर्धी पाठ, आणि शेजारणीशी लंगड्या बैलाची गोष्ट चाललेली.

"वा वहिनी. लेकराच्या आधी तुझं ताट?"

बाईची जुनी सवय म्हणाली, वळ, बघ, मोज. तिनं घास तोंडात घातला आणि म्हणाली, "वन्सं, पाट घ्या. गरम आहे तोवर बसा."

नणंद रागानं पोरीकडे वळली. मैनी आईच्या ताटातलं चतकोर संपवून रश्श्यात बोट फिरवत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

नणंद उभीच राहिली. मग पाटावर टेकली. "वाढ मलाही थोडं," ती म्हणाली. जाताना तिनं शेंगोळीचं पीठ बांधून नेलं. पोरीला न्यायचं नाव काढलं नाही.

त्या बाईची काळजी गेली असं समजू नका. आईची काळजी कुठं जाते? फक्त ती काळजी आता ताटासमोर बसत नव्हती, चुलीमागं बसत होती. पुढच्या पावसाळ्याला मैनी कडेवर जड लागू लागली. आणि दर बाजाराला त्या दोघी घाटाखाली थांबत, आधीच्या कुणी वळलेली शेंगोळी खात, आणि मागून येणाऱ्यासाठी वळून ठेवत. मैनीच्या वळ्या फार वाकड्या असत, पण त्यावाचून कुणाचं जेवण अडलं नाही.

बोध: घास मोजत समोर बसलं की लेकराची भूक पळते, आपण गोडीनं शेजारी जेवलं की ती आपसूक ताटाशी येते.