राजाला जाग न आणणारी भूपाळी

फार फार मागे वेतसा नदीच्या काठी अरिंदम राजाची गादी होती, आणि बोधिसत्त्व त्याचा प्रधान होऊन जन्माला आला होता. त्याच राजाच्या पदरी सोणक नावाचा भाट होता. पहाटे राजाच्या शयनगृहाबाहेर उभे राहायचे आणि भूपाळी गाऊन राजाला उठवायचे, एवढेच त्याचे काम. गळा म्हणाल तर मधात भिजवलेला. सोणक डोळे मिटून गाई, आणि त्याच गुंगीत घरी येई.

आता झाले काय, राजा काही उठेना. दिवस कासराभर वर येई, लांबून आलेले फिर्यादी उन्हात ताटकळत, आणि राजा आपला साखरझोपेत. सेनापतीने राजाचे कान भरले. भाट कामचुकार आहे, त्याला काढा, माझा भाचा शिंग झकास फुंकतो.

त्या नगरात नोकर काढायची एक रीत होती. त्याला राजवाड्यातून मिळालेली चटई गुंडाळून मागल्या दाराबाहेर फेकायची. कोणी कारण सांगायचे नाही, त्याने विचारायचे नाही. मग लोकच ठरवत, याने चोरी केली असणार. अशा माणसाला पुढे कोणी दारात उभे करीत नसे.

राजा सोणकाची चटई फेकायला निघाला. बोधिसत्त्वाने त्याला थांबवले, तेव्हा राजा म्हणाला, "चटई माझी आहे, प्रधानजी. वाटेल तेव्हा गुंडाळीन."

"चटई आपलीच, महाराज. पण नाव त्याचं आहे. ते उकिरड्यावर टाकायचा हक्क आपला नाही."

राजाने हात आवरला. मग बोधिसत्त्वाने सोणकाला बोलावून त्याची उणीव त्याच्या तोंडावर, पण हळू आवाजात सांगितली, आणि त्याचे म्हणणे विचारले. सोणकाला हे नवेच होते. आजवर सगळ्यांनी वाहवाच केली होती. घरी येऊन त्याने बायकोला, उत्पलेला, सांगितले. ती चूल फुंकत म्हणाली, "अहो, तुमचा रियाज सुरू झाला की आपला कोंबडासुद्धा पेंगतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बोधिसत्त्वाने त्याला पौर्णिमेपर्यंत अवधी दिला. शयनगृहाचा जाड पडदा काढवला, साथीला मृदंग्या दिला. राजालाही रात्रीचा सोंगट्यांचा डाव वेळेवर आवरायला लावले. सेनापतीला म्हणाला, तक्रार तुमची, भाचा तुमचा, तेव्हा निवाडा तुमचा नको. त्यासाठी दोन जाणते दरबारी नेमले. सोणकाला एवढेच सांगितले, "या वेळी डोळे उघडे ठेवून गा."

पौर्णिमेची पहाट उजाडली. चंद्र अजून तळ्यात होता, धुके सज्ज्यापर्यंत चढले होते. सोणकाने सूर लावला, आणि पहिल्यांदाच पाहिले. मृदंग्याचा हात संथ झाला नि तसाच मृदंगावर विसावला. पहारेकरी भाल्यांना टेकले. हंसांनी माना पंखांत घातल्या. ते दोन जाणते एकमेकांच्या खांद्यावर कलंडले, आणि ऐकायला आलेला सेनापती घोरू लागला. आत राजाच्या ओठांवर तान्ह्या बाळाचे हसू होते. सारा राजवाडा पाण्याखाली गेल्यासारखा निवांत झाला. जागे दोघेच, तो आणि बोधिसत्त्व.

सोणकाचा सूर आपोआप थांबला. "प्रधानजी, हे काम माझं नाही हो."

"मलाही तसंच दिसतं," बोधिसत्त्व म्हणाला. "पण ते भर दरबारात ठरू दे."

दोन्ही जाणत्यांनी डोळे चोळत, ओशाळून तोच निवाडा दिला. राजाने सगळ्यांना ऐकू जाईल असे कारण सांगितले, की सोणक प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, पण त्याच्या गाण्याने जाग येत नाही. मग स्वतः चटई गुंडाळून त्याच्या हाती दिली. सोणक पुढल्या दाराने बाहेर पडला. डोळ्यांत पाणी होते, मान मात्र ताठ.

नदीपलीकडच्या गावात एका म्हातारीने काखेतली चटई पाहून हटकले, तुला राजवाड्यातून काढले कशासाठी? सोणकाने न लपवता सांगितले. म्हातारी पोट धरून हसली.

"अरे बाबा, आमच्या आळीत पाळण्यागणिक एक बाळ रडतंय. ये, आधी बस तरी."

ही गोष्ट तथागतांनी विहारात सांगितली. तिथले स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, कोणाच्या तरी कागाळीवरून एका चुकणाऱ्या वाढप्या भिक्खूला काही न विचारताच दूर करायला निघाले होते. शेवटी तथागत भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा सोणक हा वाढपी होता. राजा तुमचे स्थविर होते, सेनापती याची कागाळी करणारा, आणि प्रधान मी होतो. कोणाला दूर करावे लागले, तरी मनाचा काटा कलू न देणे, हीच समचित्तता."