शिकेकाईवालीची लेक

फार पूर्वी, डोंगराला टेकून बसलेल्या एका गावात तुळसाबाई नावाची एक शिकेकाईवाली राहत होती. नवरा रानातून शेंगा तोडून आणायचा, आणि पुढचं सगळं हिच्या हातात. शेंगा वाळवायच्या, कुटायच्या, त्यात रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि कपूरकाचरी घालायची आणि फडक्यातून गाळून पूड करायची. पंचक्रोशीतल्या बायका शुक्रवारच्या न्हाण्यासाठी तिच्याकडचीच पूड न्यायच्या. म्हणायच्या, तुळसाबाईच्या हाताला यश आहे.

आता त्या मुलखातल्या बायकांचे केस कसे, तर मऊ, बारीक, दोन दिवसांत तेलकट होणारे. एकदा न्हायलं की कसे लख्ख निघायचे! पुडीत कुठला जिन्नस किती घालायचा, त्याचं एक लाकडी मापटं होतं. तुळसाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूने ते तिच्या हातात ठेवलं होतं आणि देवापुढे उभं करून शपथ घातली होती, "हे माप बदलशील तर हाताचं यश जाईल, सांगून ठेवते." तुळसाबाईने ती शपथ प्राणापलीकडे जपली.

एखादी बाई तक्रार घेऊन आलीच, तर तुळसाबाईचं उत्तर ठरलेलं. "माप चुकत नसतं गं बाई. तुला न्हाता येत नाही. आणखी एकदा न्हा." बाई मान डोलावून जायची. ज्यांना गुण यायचा त्या परत यायच्या. ज्यांना यायचा नाही त्या यायच्या नाहीत, आणि न आलेल्या बायकांची आठवण कोण ठेवतं?

सगळं असं सुरळीत चाललं होतं. पण तुळसाबाईला एक लेक होती, सगुणा. तिचे केस म्हणजे नुसता काथ्या! जाड, राठ, दाट, चारी दिशांना पसरलेले. वळणावर वळण, गुंत्यात गुंता. तिच्या बापाचेही तसेच होते म्हणा, पण ते पागोट्याखाली झाकलेले. पुरुषाच्या केसांना कोण विचारतंय?

तुळसाबाईने लेकीला आपल्याच पुडीने न्हाऊ घातलं. केस आणखी ताठ झाले. मग तिलाच आठवड्यातून दोनदा न्हायला लावलं. केस फुलून टोपलीएवढे झाले. मग चारदा! आग्रह असा, की पोरीची टाळू कोरडी पडून खाजायला लागली. कोरडे केस विंचरताना फणीचे दात मोडायचे, सगुणाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तुळसाबाई म्हणायची, "हलू नकोस. तुला न्हाताच येत नाही. न्हाताना हात नीट चालव जरा!"

सात वर्षं हेच. गाव काय गप्प बसतं? बायका पूड घेता घेता सगुणाकडे बघायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. एक तर तोंडावरच म्हणाली, "तुळसाबाई, दिव्याखालीच अंधार की गं!"

ते तुळसाबाईला फार लागलं. त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी तिने सगुणाला आत बसवायला सुरुवात केली. "आत शेंगा निवड," म्हणायची. शेंगा काय ओसरीवर निवडता येत नव्हत्या? पण पोरीला कळायचं ते कळलं.

चौदा वर्षांची झाल्यावर एके दिवशी सगुणा म्हणाली, "आई, मला मावशीच्या गावी पाठव. कायमची."

"का गं?"

"तिथे मला कुणी शिकेकाईवालीची लेक म्हणणार नाही. तुझ्या धंद्याला पण बरं."

खरं सांगायचं तर क्षणभर तुळसाबाईला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी तिला घास गिळवेना. तरीही ती जाऊ नकोस म्हणाली नाही. आठ दिवसांनी जायचं ठरलं. सगुणाने आपली दोन लुगडी आणि एक वाटी गाठोड्यात बांधून ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी बाजार होता. दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा घाटापलीकडून आलेली एक बाई दारात उभी राहिली. पाय धुळीने भरलेले, आणि पदराला धरून सात-आठ वर्षांची एक पोर. पोरीच्या डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं होतं.

"तुळसाबाई तुम्हीच ना? तीन दिवस चालत आले बघा तुमचं नाव ऐकून." बाईने पोरीच्या डोक्यावरचं फडकं सोडलं. "ही माझी मंजुळा. हिच्या केसांना काही करा."

फडक्याखालून केस बाहेर आले आणि तुळसाबाईने ते लगेच ओळखले. तोच काथ्या. तेच वळणावर वळण. जणू तिची सगुणाच सात वर्षं मागे जाऊन समोर उभी होती.

"किती तेलं झाली, किती माती लावून झाली, करायचं काही उरलं नाही," बाई सांगत होती. "तुमची पूड चालेल ना हिला?"

तुळसाबाईचा हात सवयीने मापाकडे गेला. ओठांवर नेहमीचं उत्तर आलंसुद्धा. ओसरीवर अजून तीन-चार बायका रेंगाळत होत्या, कान टवकारून ऐकत होत्या. पूड द्यायची, न्हायला सांगायचं, की झालं! बाई जाणार घाट ओलांडून, परत कशाला येतेय? नाव राहिलं असतं, शपथ राहिली असती.

तेवढ्यात मंजुळा हळूच म्हणाली, "आई, पूड चांगलीच असेल. मलाच न्हाता येत नाही."

कुणी शिकवलं होतं तिला हे? कुणीच नाही. जिथे जिथे उपाय फसला, तिथे तिथे कुणी ना कुणी तिला तेच म्हणालं असणार. तुळसाबाईला एकदम आतल्या खोलीतली शांतता ऐकू आली. शेंगा निवडण्याचा आवाज थांबला होता.

तिने माप खाली ठेवलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "ही पूड या केसांना चालत नाही. मला ठाऊक आहे, कारण माझ्याच घरात असे केस आहेत. सात वर्षं मी त्यांना हीच पूड लावली आणि दोष पोरीला दिला."

ओसरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! आपल्याच पुडीला नावं ठेवते ही!"

तुळसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती दाराशी गेली. "सगुणा, बाहेर ये."

सगुणा डोक्यावरचा पदर सावरत आली. आईने तिला सगळ्यांच्या मधोमध बसवलं, आणि सात वर्षांत कधी न विचारलेली गोष्ट विचारली.

"तुझे केस कधी बरे वाटतात गं तुला?"

सगुणाने आधी आईकडे पाहिलं, ही थट्टा तर नाही ना म्हणून. मग खाली मान घालून म्हणाली, "न्हात नाही त्या दिवशी. आणि एकदा ओढ्यावर जास्वंदीची पानं पाण्यात चोळली होती, तेव्हा. पाणी बुळबुळीत झालं होतं. ते केसांना लावलं आणि ओल्या केसांत नुसती बोटं फिरवली, खालून वर. गुंता आपोआप सुटला, आई. दुखलंच नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, शिकेकाईवालीची पोर डोक्याला पाला चोळते म्हटल्यावर लोक हसतील."

तुळसाबाईला आठवलं. खरंच म्हणाली होती ती तसं. तिथेच, सगळ्यांसमोर, तिला रडू कोसळलं.

रडून झाल्यावर उठली, परसात गेली आणि जास्वंदीची ओंजळ ओंजळ पानं तोडून आणली. कसं करायचं ते सगुणा सांगत होती आणि आई करत होती. रिठा अजिबात नाही. शिकेकाई चिमूटभर, तीही ताकात कालवून. मग पानांचा तो बुळबुळीत रस, आणि केस ओले असतानाच बोटांनी टोकाकडून सोडवायचे. शेवटी दोन थेंब खोबरेल, टोकांनाच. पहिल्या दिवशी नीट साधलं नाही, ताक जास्त झालं, मंजुळाला वासाने मळमळलं. मंजुळा आणि तिची आई तिथेच मुक्कामाला राहिल्या, म्हणून मग सगुणाचं जाणंही लांबलं. चौथ्या खेपेला जमलं.

केस सरळ झाले नाहीत हं! तसं कुणी समजू नका. वळणं होती ती राहिलीच. पण एकेक वळण वेगळं, भरदार, जागच्या जागी बसलेलं. मंजुळा घंगाळातल्या पाण्यात वाकून वाकून बघत होती, तिला तिथून उठवताना तिच्या आईच्या नाकी नऊ आले.

माप मोडल्याची शिक्षा तुळसाबाईला मिळाली, नाही असं नाही. गावातल्या काही बायका महिनाभर फिरकल्या नाहीत. "हिच्या लेकीलाच चालत नाही म्हणे," अशी चर्चा पाणवठ्यावर रंगली. सासूची शपथ आठवून तुळसाबाईलाही धाकधूक वाटायची. पण मग दूरदूरहून बायका यायला लागल्या. अशा बायका, ज्या वर्षानुवर्षं डोक्यावर फडकं बांधून फिरत होत्या आणि स्वतःलाच दोष देत होत्या. तुळसाबाई त्यांना आधी पाट द्यायची, पाणी द्यायची, विचारायची, ऐकून घ्यायची, आणि मगच शेंगांच्या डब्याला हात लावायची.

पण हे सगळं नंतरचं. मंजुळा आणि तिची आई घाटाकडे निघून गेल्या, त्या दुपारी तुळसाबाई लेकीला म्हणाली, "गाठोडं बांधलेलं आहे तुझं. मावशीकडे जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण माझ्यामुळे जात असलीस तर माझं चुकलं, बाळ. तुझे केस कधीच वाईट नव्हते."

सगुणा आली आणि आईच्या पुढ्यात पाठ करून बसली. तुळसाबाईने तिचे केस ओले केले आणि हलक्या बोटांनी, टोकापासून, एकेक बट सोडवायला लागली. थोड्या वेळाने पोरीची मान आईच्या मांडीवर कलली. तिला गाढ झोप लागली होती. आई मांडी न हलवता तशीच बसून राहिली.

तात्पर्य: उपायाला गुण आला नाही, तर माणसाला दोष देण्याआधी त्यालाच विचारावं. पुष्कळदा उत्तर त्याच्याजवळ असतं, ऐकणाराच नसतो.