एकशे आठ भोपळ्यांची कमान

"हे आमच्याकडं कुनी धाडलं?"

बुधाबाईनं डोक्यावरची पाटी मठाच्या ओसरीवर आदळली. पाटीतल्या भोपळ्यांमधून पिवळं पाणी ओघळलं. वासानं दोघंचौघं उठून लांब गेले.

मठाधिपती भैरवगिरी महाराजांनी शिष्याकडं पाहिलं.

मुकुंदशास्त्री आठ वर्षं काशीत शिकून आलेला. नवरात्राचा सगळा कारभार यंदा त्याच्याकडं होता.

"मी पाठवलं," तो म्हणाला. "देवीचा प्रसाद आहे. दसरा झाल्यावर उरलं ते गोरगरिबांना द्यावं, असं..."

"परसाद?" बुधाबाई ओरडली. "आमच्याच वावरातली डांगरं ही! भंडाऱ्यात शिजवायला मागितली तुमी. वाडीनं घरात एक ठेवलं नाही, सगळी दिली. अन् भंडाऱ्याला काय, तर श्रीखंड!"

शास्त्री पाटीकडं बघू लागला.

"म्हातारा दोन दिस ओकतोय माजा. सडलेलं कापून काढलं, बाकीचं शिजवलं. का? तर परसाद. टाकायचा कसा?"

महाराज पाटीपाशी बसले. एक भोपळा उचलायला गेले, तर बोटं आत रुतली. आत काहीतरी टोचलं. त्यांनी ओढून काढलं.

वीतभर लोखंडी सळई होती.

"हे काय?"

"कमानीसाठी, महाराज. एकशे आठ भोपळ्यांची कमान केली होती. सळयांशिवाय उभी राहिली नसती. पेपरात फोटोसुद्धा..."

"वाडीकडून हे भोपळे कुणी मागितले होते?"

"आपणच, महाराज."

"कशासाठी म्हणून मागितले होते?"

"...भंडाऱ्यासाठी."

महाराजांनी सळई अंगणात भिरकावली. एवढं संतापलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"माझा शब्द होता तो, मुकुंदा! माझा!"

ते आत गेले, खुंटीवरची आपली झोळी घेऊन आले आणि ती शास्त्र्याच्या अंगावर टाकली.

"आज भिक्षा हिच्या दारी."

शास्त्री पांढराफटक पडला. "महाराज, कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं प्रसाद म्हणालास, त्याच तोंडानं."

"माझ्या दारात नको हा मानूस," बुधाबाई म्हणाली.

"नको म्हणालीस तर दारातून परत फिरेल, बाई. पण दारात येईल."

ती रिकामी पाटी घेऊन निघाली. शास्त्री मागून चालू लागला. टेकडी उतरली की लगेच ठाकरवाडी. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दारातच बाजेवर म्हातारा पडला होता. शेजारी ओकारीवर टाकायला राखेची टोपली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, झोळी पाहिली, आणि उठून हात जोडायची धडपड केली.

"पडून ऱ्हा!" बुधाबाई खेकसली.

शास्त्र्याला भिक्षेचे शब्द आठवेनात. तो नुसताच उभा राहिला.

ती चुलीपाशी बसली. रागारागानं भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. घरात आज अजून कुणी काही खाल्लं नव्हतं. पहिली भाकरी तिनं तशीच त्याच्या झोळीत आपटली. वर ठेचा.

"बाई, मी..."

"वाढलं म्हंजी माफ केलं, असं समजू नका."

"मग वाढलंत का?"

"दारात आलात ना? चला आता. मला कामं हायेत."

तो टेकडी चढला. वाटेत दोनदा थांबला. वाडीतली माणसं बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी रामराम केला नाही.

मठामागं महाराज एकटे कुदळ मारत होते. कमरेइतका खड्डा झाला होता. काठावर उरलेल्या सडक्या भोपळ्यांचा ढीग, आणि बाजूला उपसून काढलेल्या सळया. महाराजांचे हात कोपरापर्यंत घाणीनं माखले होते.

"द्या इकडं कुदळ," शास्त्री म्हणाला.

महाराजांनी ती दिली नाही.

"तिनं पहिली भाकरी मला दिली, महाराज. म्हाताऱ्याच्याही आधी." त्यानं झोळी पुढं धरली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. हे माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

कुदळ थांबली. महाराजांचा राग अजून गेला नव्हता.

"गरम आहे तोवर खा."