पौषातल्या पाखरांची कहाणी

ऐका बायांनो, पौषातल्या पाखरांची कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात हाडं गोठवणारी थंडी होती. तिथं म्हाळसाबाई राहायची. मनानं चांगली, पण तोंड घटकाभर मिटायचं नाही. माझ्याकडे बघून हसू नका, ही दुसरी.

तिच्या घरी सारजा नावाची सून आली. सारजा तोंड उघडी, म्हाळसाबाई पुढचं बोलून टाकी. एकदा झालं, दोनदा झालं, रोज झालं. मग सून गप्प झाली. एके दिवशी लेक म्हणाला, "आई, संक्रांत झाली की सारजा माहेरी जाते. कायमची."

"मला कुठं बोलली?"

"तू बोलू दिलंस?"

मग म्हाळसाबाईला रडू फुटलं. रडत, बोलत विहिरीवर गेली. तिथं साळुंक्या बसल्या होत्या. "बायांनो, सून राहील असा वसा सांगा." साळुंक्या म्हणाल्या, "तू उतशील, मातशील, मध्येच बोलशील." "उतणार नाही, मातणार नाही, बोलणार नाही." "मग ऐक. पौषात रात्र लांब, किडे दडलेले, आमची पोटं रिकामी. उजाडता परसात बाजरी टाकावी, वाटीत पाणी ठेवावं. आपल्या तोंडात गुळणी धरावी. शेवटचं पाखरू खाऊन उडेपर्यंत सोडू नये. जाणारं माणूस राहील."

पहिल्या दिवशी बाजरी टाकली, गुळणी धरली. चिमण्या आल्या. "अगं बाई, आल्या की." गुळणी लुगड्यावर, चिमण्या कौलावर.

दुसऱ्या दिवशी होले आले, बुलबुल आले. कुंपणावरून शेजारीण ठकूबाई म्हणाली, "काय वहिनी, दाढ सुजली वाटतं?" आता उत्तर न देऊन कसं चालेल? गुळणी गेली, पाखरं गेली.

तिसरा दिवस भोगीचा. उद्या संक्रांत. गार पाण्यानं दात कळवळले. मग चिमण्या आल्या, होले आले, बुलबुल आले, साळुंक्या आल्या, परस नुसतं फडफडलं. म्हाळसाबाईचे गाल फुगलेले, डोळे फुगलेले, बोटानं दाखवावं तर शेजारी कुणी नाही. तेवढ्यात सारजा बाहेर आली, हळूच पायरीवर टेकली.

"आत्याबाई, वाटीत खडा ठेवला ना, की चिमणीला उभं राहता येतं. आमच्याकडे ठेवतात."

म्हाळसाबाईकडे तीन उत्तरं तयार होती. तिनं गाल दाबून धरले. मग सारजा माहेरच्या मळ्याचं बोलली, मग आईचं बोलली, मग खाली बघून म्हणाली, "मला इथं रात्रभर थंडी वाजते. पांघरूण पातळ आहे. आल्यापासून सांगायचं होतं."

म्हाळसाबाईच्या डोळ्यांतलं पाणी आलं, तोंडातलं आलं नाही. एक होला तेवढा राहिला होता. दाणा टिपी, मान वळवी, पुन्हा टिपी. मेला जाईना. मग एकदाचा उडाला.

म्हाळसाबाईनं चूळ टाकली, आत गेली, आपली जाड वाकळ आणली, सुनेच्या खांद्यावर घातली.

"आत्याबाई, बोला की आता."

"तू सांग. आणखी काय काय राहिलंय?"

सारजा हसली, आणि चुलीवरची भाकरी करपेपर्यंत सांगत राहिली. संक्रांत आली, संक्रांत गेली, सून घरात राहिली.

जशी म्हाळसाबाईच्या परसात पाखरं उतरली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांच्या परसात उतरोत, घरातलं गप्प माणूस बोलतं होवो. ही साठा उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगायची असते. मला सात-आठ लागली, सांभाळून घ्या. सुफळ संपूर्ण.