येसू कुंभारीण आणि धोंडोबाचा ढीग

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? शंभर माणसं एका सुरात एकच गोष्ट सांगतात त्यांच्यावर, की एका मुक्या दगडावर? हसू नका. पांघरुणं घ्या गळ्यापर्यंत आणि ऐका.

एकदा काय झालं, एका खिंडीत होता एक दगडांचा ढीग. त्याला म्हणायचे धोंडोबा. खिंडीतून जो जाईल त्यानं एक दगड ढिगावर टाकायचा आणि मागं न बघता पुढं व्हायचं. का? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासू टाकायची म्हणून सून टाकायची, सून टाकायची म्हणून तिची लेक टाकायची.

त्या खिंडीपलीकडं भरायचा बाजार. काय सांगू तुम्हाला त्या बाजाराचा थाट! उजाडायच्या आत गाड्यांची घुंगरं वाजायला लागायची. हळदीनं तराजू पिवळे व्हायचे, गुळाच्या वासानं पोरं खुळी व्हायची. दुकानात माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या, मग भाव. गोड होती माणसं, बरं का. खोड एकच. एकानं मान डोलावली की सगळ्यांच्या माना डोलायच्या. आमच्या दुकानदारीच्या धंद्यातही तेच. एका दुकानाशी दोन गिऱ्हाइकं थांबली की मागून दहा येतात. माल कुणी बघत नाही.

तर ढीग वाढत वाढत माडीएवढा झाला. आणि इकडं खिंडीच्या अलीकडच्या गावातली विहीर आटत आटत तळाला गेली. लोक म्हणाले, धोंडोबा कोपला. मग ठरलं, आता एकाऐवजी पाच दगड टाकायचे.

त्या गावात होती येसू कुंभारीण. एकटी बाई. सोबतीला एक गाढव, त्याचं नाव रावसाहेब. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला होता तोंडावर. आखाजीला घरोघर नवी घागर लागते, पितरांच्या नावानं पाणी भरायला. येसूची वर्षाची भाकर त्या घागरींवर. पण माती भिजवायला पाणी कुठाय?

येसू म्हणाली, "रावसाहेब, यंदा घागरी झाल्या नाहीत तर गाव सोडावं लागेल." रावसाहेबानं कान हलवला.

मग उरलीसुरली बारा मडकी लादून ती बाजाराला निघाली. पुढं चालला होता पाटलाचा जावई. त्यानं न बघताच दगड भिरकावला. दगड ढिगावर आपटला, उडाला आणि मडक्यावर येऊन बसला. फट्!

"अहो जावईबापू, डोळे सासरी ठेवून आलात का?" येसू ओरडली. पण मागं बघायचं नाही ना! तो गेला तसाच.

येसू खापऱ्या गोळा करायला वाकली. दगड उचलला, तर दगड बोलला, "मला पाटलाच्या जावयानं टाकलं. का टाकलं? पुढच्यानं टाकला म्हणून."

येसू हबकली. तिनं ढिगातला दुसरा दगड उचलला. तो म्हणाला, "मला साळूबाईनं टाकलं. का? नाही टाकला तर बायका नावं ठेवतील म्हणून."

मग तिनं तिसरा उचलला. तो म्हणाला, "मला तूच टाकलंस, येसू. का ते तुलाही सांगता यायचं नाही."

येसूला अशी लाज वाटली म्हणून सांगू! ती म्हणाली, "दुसऱ्याचं राहू दे. आपले आपण उचलावे." मग रोज मडकी घरी ठेवून ती रावसाहेबाच्या पाठीवर धोंडे वाहायला लागली. जो म्हणेल मी येसूचा, तो उचलायचा. मध्ये दुसऱ्याचा आला तर तोही बाजूला ठेवायचा. एक दिवस झाला. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी हाताला दगड लागला तो ओला!

आणि त्याच वेळी सगळं गाव खिंडीत चालून आलं. पुढं तात्या पाटील.

"येसू, देव उकरतेस?"

"देव नाही तात्या, माझे धोंडे परत नेते. आतून ओल लागलीय, बघा तर!"

बघतं कोण? कुणीतरी ओरडलं, "हिच्यामुळंच विहीर आटली!" खरं तर विहीर आधीच आटलेली. पण गर्दीला मागचं आठवत नाही. एकानं दगड उचलला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांच्या मुठी भरल्या.

येसू जागची हलली नाही. म्हणाली, "मारा. पण मारलेला दगड नाव सांगतो, बरं का. कुणी मारला आणि का मारला."

लोक हसले. मग येसूनं ढिगातला एक धोंडा सगळ्यांसमोर उचलला. धोंडा खणखणीत बोलला, "मला तात्या पाटलानं टाकलं. का? त्याला हे पटत नव्हतं. पण पाटलानंच नाही टाकला तर गाव हसेल, म्हणून."

तात्यांचा चेहरा पडला. जो तो आपल्या हातातल्या दगडाकडं बघायला लागला. हा माझं काय सांगेल?

आधी साळूबाईनं मूठ सोडली. मग तात्यांनी. मग धडाधड सगळ्यांनी दगड खाली टाकले. खरं सांगू? त्यातही निम्म्यांनी पुढच्यानं टाकला म्हणूनच टाकला! माणूस काय एका दिवसात सुधारतो?

मग सगळे ढिगाला भिडले. अगदी तळाशी निघाली एक चपटी शिळा. ती म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, "मला एका गुराखिणीनं ठेवलं. खाली झरा आहे, त्यात वासरू पडू नये म्हणून. ती सांगून गेली होती, पाणी प्या आणि मला पुन्हा जागेवर ठेवा. तुम्ही ठेवण्याचं तेवढं लक्षात ठेवलंत. पाणी विसरलात."

शिळा सरकवली. झुळझुळ पाणी आलं. आधी रावसाहेब प्याला, मग गाव प्यालं. झऱ्याची दबलेली वाट मोकळी झाली, तशी चार दिवसांत विहीर भरली, येसूच्या चाकावर माती फिरली. आखाजीला पहिली घागर तिनं त्या गुराखिणीच्या नावानं भरली.

उरलेल्या धोंड्यांचा झऱ्याभोवती कठडा बांधला. ज्यानं जितके टाकले तितके त्यानं वाहायचे. मोजायला कुणी बसलं नाही. तात्यांनी मात्र दोन जास्तच वाहिले. गाव पाणी पिऊन निवांत झालं, आणि येसूला कुठं जावं लागलं नाही.

चला, मिटा डोळे आता. आज कुठला दगड आपल्या मनानं टाकला आणि कुठला पुढच्यानं टाकला म्हणून, ते झोपण्याआधी मनातल्या मनात मोजा. मी विचारणार नाही. पण बाळांनो, तेवढा हिशोब खरा ठेवा.