हेमलतेने लपवलेला शीण

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक छोटी शाळा होती. ज्यांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशा मुलांची. तिथे हेमलता नावाची तरुणी शिक्षिकेचे काम शिकायला आली. मोठी कष्टाळू. एकाला भरवावे, तोच दुसऱ्याने पाणी सांडावे, तिसऱ्याने चावा घ्यावा. पण हिच्या कपाळावर आठी नाही.

मुले घरी गेली की मुख्य शिक्षिका दमयंतीबाई सगळ्या शिकाऊ शिक्षिकांना ओट्यावर बसवत. आज कुठे चिडलो, कुठे रडू आले, ते जिने तिने बोलायचे. मग चहा घ्यायचा. हेमलता मात्र त्या वेळी उद्यासाठी चित्रे कापत बसे.

"अगं, ये ना घटकाभर," बाई म्हणत.

"मला नाही हो बाई थकवा येत," ती हसून सांगे. मनातून तिला त्या बोलणाऱ्या मुलींची कीवच यायची.

वर्गात यमुना नावाची आठ वर्षांची मुलगी होती. कुणी जवळ आले की अंग चोरायची. हेमलतेने पाच महिने खपून तिला आपल्याशेजारी बसायला शिकवले. एके दिवशी यमुना तिला "ताई" म्हणाली. हेमलतेला आभाळ ठेंगणे झाले.

पण आत साठत होतेच. तिची झोप उडाली, जेवण कमी झाले. तिने कुणाला सांगितले नाही. अशातच एका सकाळी यमुनेने मण्यांची वाटी तिसऱ्यांदा उधळली.

"कळत नाही का तुला?" हेमलता किंचाळली आणि तिने पोरीचा दंड धरून हिसडा दिला.

यमुना रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली, ती शाळा सुटेपर्यंत हलली नाही.

त्या दिवशी हेमलता ओट्यावर आली. "बाई, हे माझ्या हातून झालंच कसं?"

"एका दिवसात नाही झालं, बाळ," बाई म्हणाल्या. "तू सांगत नव्हतीस आणि मीही खोदून विचारलं नाही. चूक माझीही आहे."

पुढे हेमलता मन मोकळे करू लागली, दमली की मदत मागू लागली. पण यमुना पुन्हा तिच्याजवळ आली नाही. वर्ष संपले, हेमलता गाव सोडून गेली. कालांतराने ती नावाजलेली शिक्षिका झाली. कुणी कौतुक केले की ती एवढेच म्हणे, "शंभर मुलं पुढं गेली खरी; पण एक पोर माझ्यामुळं मागं गेली."

तात्पर्य: दुसऱ्याला सांभाळणाऱ्याने आपला शीण वेळीच ओळखावा आणि बोलून दाखवावा; दाबून ठेवलेला ताण शेवटी निघतो तो सगळ्यात दुबळ्या जिवावर.