परत बोलावलेलं विमान

“...म्हणजे तार मी कापली, हे पक्कं आठवतंय. पण पिळून बांधली का, काका?”

हे विचारताना हर्षल बोंडेच्या कपाळावर घाम होता. आमच्या तुकडीत पहिला नंबर त्याचा आणि पहिल्या नंबराचा तोराही त्याचाच. त्याला असं काकुळतीला आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

समोर तांडेलकाका बसले होते. नौदलात बावीस वर्षं त्यांनी विमानवाहू जहाजावर विमानं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर माळावरच्या वैमानिक शाळेत आम्हाला तेच काम शिकवलं. परवा ते गेले. शोकसभेत पदकांबद्दल बोलणं झालं, जहाजाबद्दल झालं. एक जण म्हणाला, “काका भाविक, दुपारपर्यंत कडक उपास.”

उपास कसला! सकाळी उडालेलं शेवटचं विमान उतरेपर्यंत ते जेवणाचा डबा उघडत नसत, एवढंच. आम्ही मागून टवाळी करायचो, की कोंबड्या खुराड्यात आल्याशिवाय काकांना घास जात नाही.

हर्षल तारेचं विचारत होता त्या दिवशीही डबा टेबलावर बंदच होता...

सकाळी हर्षलनं एका छोट्या विमानाचा ऑइल फिल्टर बदलला होता. फिल्टर बसवला की तो सैल होऊ नये म्हणून बारीक तारेनं पिळून बांधायचा असतो. नेमका तेव्हाच त्याला फोन आला. बोलणं झालं आणि त्यानं वहीत सही ठोकली. आता ते विमान आकाशात होतं आणि त्यात मृण्मयी नावाची शिकाऊ मुलगी एकटी होती. एकटीनं उडवायची तिची तिसरीच वेळ.

“फिल्टर सुटला तर?” मला राहवलं नाही.

“तेल जाईल. मग इंजिन,” काका म्हणाले.

हर्षल खुर्चीच्या कडेवर टेकला. “पण काही होणार नाही ना, काका?”

काकांनी वही ओढून त्याची सही पाहिली.

“माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. मी असा विसरतो का कधी?”

काकांनी कंट्रोल टॉवरशी बोलायचा वॉकीटॉकी उचलला आणि त्याच्यासमोर ठेवला.

“परत बोलावलं आणि तार जागेवरच असली तर?”

“हसतील.”

“सोमवारी मला इथं नोकरीत कायम करायचं ठरतंय. साहेब म्हणतील, ह्याला स्वतः काय केलं तेच आठवत नाही.”

“म्हणतील.”

“मग तुम्ही बोला ना. तुमचं कोणी हसण्यावारी नेणार नाही.”

“सही माझी नाही, बाबा.”

बाहेर इंजिनाचा आवाज डोक्यावरून गेला आणि बारीक होत होत डोंगराकडे निघाला... मला हर्षलचा भयंकर राग येत होता, आणि आपल्या हातून हे झालं असतं तर आपण निदान बोललो तरी असतो का, याची धास्तीही वाटत होती.

आवाज पार ऐकू येईनासा झाला तेव्हा हर्षलनं वॉकीटॉकी उचलला.

“बोंडे बोलतोय... तिला परत बोलवा. माझी चूक असेल.”

विमान परतायला बारा मिनिटं लागली. काका दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते. पाठीमागे त्यांनी एक मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं होतं.

विमान उतरलं. इंजिनावरचं झाकण उघडलं.

तार जागेवर होती. पुस्तकात दाखवावी तशी पिळलेली.

सगळे खो खो हसले. साहेब म्हणाले, “बोंडे, घराला कुलूप लावलंय का, तेही बघून ये, जा.” मृण्मयी तेवढी हसली नाही.

हर्षल लालबुंद होऊन खोलीत आला. “झालं समाधान? सगळ्यांसमोर शोभा झाली माझी!”

काकांनी डबा उघडला. अर्धी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं हात लावला नाही.

“सांगायला सोपं असतं, काका. तुम्ही जहाजावर असताना कधी बोलावलंत विमान परत?”

“तीनदा.”

“काय निघालं?”

“काही नाही. तिन्ही वेळा सगळं ठाकठीक. अख्खं जहाज हसत होतं.”

हर्षलला जरा बरं वाटलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

“आणि चौथ्या वेळी?”

काकांचा घास हातातच राहिला...

“चौथ्या वेळी मला लाज वाटली.”